उणे नऊ, रात्रीचे दोन आणि रुसलेला हीटर

हीटर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? बाथरूममधला गीझर, नाहीतर लोणावळ्याच्या हॉटेलात मागवलेला तो लालभडक रॉडवाला डबा. गाडीतला हीटर आपल्या गावीही नसतो. एसीच्या नॉबची निळी बाजू घासून घासून पांढरी झालेली असते आणि लाल बाजू शोरूममधून आल्यासारखी कोरी. त्यामुळे कुणी ‘माझ्या गाडीचा हीटर बिघडलाय’ असं रडकं तोंड करून सांगितलं, तर आपण म्हणणार, ‘अरे यार, काच वर कर की!’

मीही हेच म्हटलं असतं. गेल्या जानेवारीपर्यंत.

झालं असं, की माझा मावसभाऊ (आमचा दादा) नोकरीनिमित्त जर्मनीत, श्टुटगार्टजवळच्या एस्लिंगेनला असतो. मावशीला त्याच्याकडे जायचं होतं, पण एकटीने विमान नको. मग एस्कॉर्ट कोण? जिला ऑफिस नाही, बॉस नाही आणि सुट्टी मागावी लागत नाही ती. फ्रीलान्सर असण्याचे काही फायदे असतात, मंडळी! दादाने तिथे एक सेकंडहँड डिझेल व्हॅन घेतली होती. आत बेड, छोटा ओटा, गॅसची शेगडी आणि सीटखाली डिझेलवर चालणारा हीटर. ‘आईला ब्लॅक फॉरेस्टमधला बर्फ दाखवतो,’ दादा म्हणाला. टिटीझे नावाच्या तळ्याजवळची कॅम्पसाइट, शनिवारची रात्र, बाहेर उणे नऊ. विजेचं कनेक्शन असलेल्या जागा आधीच भरलेल्या. दादा कूल. ‘हीटर आहे ना आपला!’

तिथे पोचेपर्यंत हीटर झकास चालला. मावशीने तर स्वेटर काढून ठेवला. झोपताना जरा जास्तच उकडतंय म्हणून दादाने तो बंद केला. रात्री दोनला जाग आली तेव्हा काचांवर आतून बर्फ धरला होता. दादाने बटण दाबलं. पंख्याचा घूंऽऽ असा आवाज आला आणि मिनिटभरात गप्प. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. चार वेळा झालं. मावशीला दम्याचा त्रास आहे आणि थंडीने तिला ढास लागायला लागली.

मावशी म्हणाली, ‘अरे, ती शेगडी पेटव ना जरा. दारं बंदच आहेत, लगेच ऊब येईल.’

दादाचा हात शेगडीच्या नॉबवर गेला होता. वहिनीने तो धरला. ‘आई, ते नाही करायचं. काही झालं तरी नाही.’ आवाज इतका कडक, की मावशीही गप्प. पुढच्या पाच मिनिटांत आम्ही चौघं पांघरुणं गुंडाळून कॅम्पसाइटच्या कपडे धुण्याच्या खोलीत होतो. तिथे रेडिएटर चालू होता. मावशीने उरलेली रात्र वॉशिंग मशीनशेजारी खुर्चीत बसून, थर्मासमधला चहा पीत काढली. सकाळी म्हणाली, ‘पुण्याला सांगू नका, जर्मनीत लाँड्रीत झोपले म्हणून.’ (सॉरी मावशी, सांगितलं.)

शेगडीला नाही का म्हणाली?

याचं उत्तर आधी देते, कारण बाकी लेख वाचला नाही तरी चालेल, हे वाचा. बंद गाडीत उघडी ज्योत पेटवली, की ती आतला ऑक्सिजन खाते आणि ऑक्सिजन कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला ना वास, ना रंग. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग गुंगी येते. आणि रात्री दोनला गुंगी आली तर कुणाला संशय येणार? झोपच वाटणार. शेगडी, कोळशाची सिगडी, गाडीत ठेवलेला छोटा जनरेटर, सगळ्यांची गोष्ट एकच.

मग डिझेल हीटरमध्येही डिझेलच जळतं, तो कसा चालतो? तिथे हवेचे दोन रस्ते पूर्ण वेगळे असतात. जळण्यासाठीची हवा गाडीखालून, बाहेरून येते आणि धूरही पाइपने बाहेरच जातो. मध्ये धातूची एक जाड नळकांडी तापते आणि गाडीतली हवा फक्त तिच्या अंगावरून फिरून गरम होते. दोन्ही हवांची भेट कधीच होत नाही. व्हायला लागली, म्हणजे पाइप निखळला किंवा नळकांडी फुटली, तर मात्र खेळ खल्लास. म्हणून हीटर कितीही भारी असला तरी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म गाडीत हवाच.

डिझेललाच हे नखरे का?

पेट्रोलच्या गाडीत सहसा वेगळा हीटर लागत नाही. इंजिनाची वाया जाणारी उष्णता कूलंटमधून येते आणि तीच आपल्या पायांवर सोडली जाते. डिझेल इंजिन जास्त काटकसरी. ते उष्णता कमी वाया घालवतं. म्हणजे खिशाला बरं, पायांना नाही! थंड देशात सकाळी निघालात तर ऑफिस येईपर्यंत गाडी गारच. म्हणून डिझेल गाड्यांत जोडीला मदतनीस दिला जातो. तो तीन प्रकारचा असतो.

पहिला विजेचा, ज्याला पीटीसी म्हणतात. डॅशबोर्डच्या मागे बसतो आणि आत येणारी हवा तापवतो. दुसरा डिझेल जाळून इंजिनाचं कूलंट तापवणारा. बऱ्याच गाड्यांत बाहेर पाच अंशांच्या आसपास किंवा त्याखाली गेलं की तो आपणहून सुरू होतो. आणि तिसरा दादाच्या व्हॅनमधला. इंजिन बंद असताना थेट आतली हवा गरम करणारा. जर्मनीत गाडी गरम करायला इंजिन नुसतं चालू ठेवणं हा नियमभंग आहे, दंड होतो. त्यामुळे इंजिनाशिवाय चालणारे हीटर तिथे कौतुकाची गोष्ट आहेत. या धंद्यातल्या दोन मोठ्या कंपन्याही तिथल्याच. एबरश्पेशर १८६५ मध्ये सुरू झाली ती दादाच्या याच एस्लिंगेनमध्ये. दुसरी वेबास्टो. तिचं नाव म्हणजे संस्थापक विल्हेल्म बायर आणि गाव श्टॉकडॉर्फ यांची अक्षरं जोडून केलेला कोलाज. आपल्याकडे सनरूफवाल्या मंडळींना हे नाव माहीत असेल. दादाचा हीटर कोणत्या कंपनीचा, ते मात्र सांगणार नाही. त्या बिचाऱ्याचा काहीच दोष नव्हता.

दादाचा फंडा: पार्ट बदला!

आता गंमत बघा. रविवारी सकाळी घरी निघायला दादाने इंजिन सुरू केलं, सहज हीटरचं बटण दाबलं आणि हीटर चक्क पेटला! घरी येईपर्यंत दोन-अडीच तास मस्त चालला. रात्रभर कुडकुडलेल्या माणसांना याहून मोठा अपमान कुठला?

दादा सॉफ्टवेअरवाला. त्याने हीटरच्या डिस्प्लेवरचा एरर कोड शोधला. अर्थ निघाला, व्होल्टेज कमी. ‘म्हणजे बॅटरी गेली!’ सोमवारी नवी बॅटरी आली, १४० युरो. रात्री पार्किंगमध्ये टेस्ट केली. घूंऽऽ, गप्प. ‘मग डिझेल गोठलं असणार!’ वहिनीने त्याच्याकडे नुसतं बघितलं. थंडीत तिथल्या पंपांवर विंटर डिझेल मिळतं, ते उणे २० पर्यंत तग धरतं. ‘मग ग्लो प्लग!’ तो ऑर्डर झाला. बुधवारी गाडी गॅरेजला गेली. त्यांनी बॅटरीला चार्जर लावून हीटर तपासला, तो गुणी बाळासारखा चालला. रिपोर्ट आला: दोष सापडत नाही, पण हीटर जुना आहे, नवीन बसवा. एस्टिमेट होतं १,८०० युरोंच्या वर. दादा रात्री जेवताना म्हणाला, ‘विकून टाकतो व्हॅन.’ वहिनी काही बोलली नाही. दोघांनी दोन वर्षं पैसे साठवून घेतली होती ती. पहिल्याच हिवाळ्यात असा निकाल!

‘मला शनिवारी एक तास दे,’ ती शेवटी म्हणाली. ‘आणि काहीही विकत आणू नकोस.’

वहिनीचा फंडा: आधी ऐका

वहिनी लग्नाआधी पुण्यात एका कंपनीत इलेक्ट्रॉनिक्स टेस्टिंगला होती. तिचं पहिलं वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय: ‘कोड ही तक्रार आहे. निदान आपण करायचं.’ डोकं दुखतंय हे पेशंट सांगतो. ट्युमर आहे की चष्म्याचा नंबर वाढलाय, हे डॉक्टरने बघायचं.

हीटर पेटतो कसा, ते तिने मला चहाच्या कपावर समजावलं. बटण दाबलं की आधी पंखा फिरतो. मग ग्लो प्लग, म्हणजे आपले मेकॅनिक ज्याला हीटर प्लग म्हणतात ती छोटी पेन्सिल, लालबुंद तापतो. साधारण मिनिटभराने डिझेलचा छोटा पंप टिक-टिक करायला लागतो. प्रत्येक टिकला डिझेलचा एक थेंब. ज्योत धरली की आवाज भरदार होतो, सेन्सरला ज्योत कळते आणि ग्लो प्लग बंद होतो. बंद करतानाही तो लगेच थांबत नाही. डिझेल तोडून दोन-चार मिनिटं पंखा फिरवत राहतो, आतलं साफ आणि थंड करायला. त्यामुळे चालू हीटरची बॅटरीच काढून टाकणं म्हणजे त्याच्यावर अन्याय.

हा क्रम पाठ असला की अर्धं निदान कानांनी होतं. पंखाच फिरला नाही, तर फ्यूज, वायर किंवा बटण बघा. किंवा खूप वेळा पेटायला नापास झाल्याने कंट्रोल युनिटने स्वतःला लॉक केलं असेल. पंखा फिरला, टिक-टिक नाही? मग वीज कमी पडत असेल किंवा पंपाची वायर. टिक-टिक आहे आणि पाइपातून पांढरा धूर येतोय? डिझेल पोचतंय, पेटत नाहीये. ग्लो प्लग किंवा आतली काजळी. टिक-टिक आहे, धूर काहीच नाही? डिझेलच पोचत नाहीये. इथे टाकीचा काटा आधी बघा. बऱ्याच गाड्यांत हीटरची नळी टाकीत मुद्दाम वर ठेवतात, म्हणजे हीटरने सगळं डिझेल पिऊन तुम्हाला जंगलात अडकवू नये. पाव टाकी उरली की हीटर उपाशी. आणि पेटून थोड्या वेळाने विझत असेल, तर गरम हवेच्या पाइपवर कुणाची बॅग तर नाही ना, एक्झॉस्ट चिखलाने किंवा बर्फाने बुजला नाही ना, ते पाहा.

आमच्याकडे होतं घूंऽऽ आणि मग शांतता. टिक-टिक आलीच नव्हती. म्हणजे डिझेल गोठण्याची थिअरी तिथेच बाद, कारण डिझेल मागायची वेळच आली नव्हती.

मग मोजा. पण कधी?

शनिवार. बाहेर उणे दोन. वहिनीच्या हातात साधा मल्टिमीटर. बॅटरी १२.७ व्होल्ट. ‘बघ, फुल आहे!’ दादा म्हणाला. ‘ती आराम करतेय,’ वहिनी म्हणाली. ‘आराम करताना सगळेच फुल असतात.’

तिने मीटर बॅटरीवरून काढून हीटरच्या कनेक्टरवर लावला आणि मला बटण दाबायला सांगितलं. पंखा फिरला, ग्लो प्लग तापायला लागला. हा प्लग एकटा आठ-दहा अँपिअर ओढतो. बॅटरीवर १२.१. हीटरवर १०.२! आणि साडेदहाच्या आसपासच्या रेषेखाली गेलं की असे हीटर स्वतःला बंद करून घेतात. मिनिट व्हायच्या आत गप्प.

मधले १.९ व्होल्ट गेले कुठे? तिने पुन्हा बटण दाबायला लावलं. या वेळी मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर, दुसरी हीटरच्या प्लसवर. ०.२. ठीक. मग एक पिन बॅटरीच्या मायनसवर, दुसरी हीटरच्या मायनसवर. १.७! एका चांगल्या जोडणीत इतकं हरवायला नको. वायरचा माग काढत ती सीटखाली गेली आणि तिथून तिचा आवाज आला, ‘हात लाव इथे.’ बॉडीला अर्थची वायर जिथे स्क्रूने कसली होती, तो थिंबल चक्क कोमट लागत होता. उघडला तर खाली रंगाचा थर आणि त्यावर हिरवट-पांढरी गंजाची पावडर. आधीच्या मालकाने रंगावरच स्क्रू मारला होता.

आता सगळं कोडं सुटलं. इंजिन चालू असलं की अल्टरनेटर १४ च्या वर व्होल्ट देतो. त्यातले पावणेदोन-दोन वाटेत सांडले तरी हीटरला १२ मिळतात, तो पेटतो. एकदा पेटला की ग्लो प्लग बंद, मग पंखा आणि पंपाला किरकोळ करंट लागतो, गळतीही किरकोळ. म्हणून रस्त्यात पेटलेला हीटर झोपेपर्यंत चालला. गॅरेजमध्ये चार्जर लावला होता, तिथेही चालला. फक्त रात्री दोनला, इंजिन बंद असताना, थंड बॅटरीवर नाही चालला. जेव्हा खरी गरज होती, नेमकं तेव्हाच.

पॉलिश पेपरने पत्रा घासून चकचकीत केला, नवा थिंबल क्रिम्प केला, स्क्रू कसला, वर ग्रीस लावलं. खर्च दोन युरो. परत मोजलं. अर्थवर ०.१, हीटरवर ११.८. घूंऽऽ... पन्नास सेकंद... टिक. टिक. टिक. दादाने मला मिठी मारली. मी म्हटलं, ‘अरे, चुकीच्या बाईला मारतोयस!’

ग्लो प्लगचं पार्सल मंगळवारी आलं आणि न उघडता परत गेलं. बॅटरी मात्र राहिली. वहिनी अजून महिन्यातून एकदा तिची किंमत आठवण करून देते.

आपल्याला काय त्याचं?

वाटतं तितकं लांब नाही हे. ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून लाहौल हिवाळ्यातही आवाक्यात आला. आपल्या ठाण्या-पुण्याच्या गाड्या तिथे दिसतात, कॅम्पर व्हॅन भाड्याने मिळतात आणि ऑनलाइन स्वस्तातले डिझेल हीटर मागवून घरच्या घरी बसवणारे वीरही आहेत. त्यांच्यासाठी काही गोष्टी.

लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. तिथे समुद्रसपाटीच्या मानाने हवा साधारण एक तृतीयांश विरळ. डिझेलचा थेंब तेवढाच, हवा कमी, म्हणजे काजळी जास्त. हीटरला उंचीची ॲडजस्टमेंट आहे का, हे घेण्याआधी विचारा. नेहमी मंद आचेवर चालवला तरी काजळी धरते, म्हणून अधूनमधून अर्धा तास फुल चालवा. मुंबईत भरलेली टाकी घेऊन उणे तापमानात जाऊ नका. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत टिकणारं खास डिझेल आणलं, ते उगाच नाही.

तुमच्या डिझेल एसयूव्हीत फक्त पीटीसी असेल, तर मेकॅनिकने दुपारी २८ अंशांत तपासून ‘चालत नाही’ म्हटलं तर घाबरू नका. इंजिन चालू, कूलंट थंड आणि बाहेरही थंडी, असं जुळल्याशिवाय तो जागा होत नाही. आणि इंजिनाचा काटा मधोमध येतच नसेल, तर बिचाऱ्या हीटरला सोडा, थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय का ते बघायला सांगा.

पर्समध्ये, सॉरी, डिकीत ठेवा

• साधा मल्टिमीटर. मोजायचं ते हीटर सुरू होत असताना, आणि हीटरपाशी.
• पॉलिश पेपर, दोन-चार थिंबल, जादा फ्यूज.
• कार्बन मोनॉक्साइड अलार्म, नवे सेल घालून.
• टाकी निम्मीच्या वर.
• रात्री हीटर बंद करण्याआधी एकदा इंजिन बंद ठेवून तो पुन्हा पेटतो का, याची रंगीत तालीम. नऊला कळलेलं बरं, दोनला कळण्यापेक्षा.

व्हॅन अजून दादाकडेच आहे. फेब्रुवारीत ते परत टिटीझेला जाऊन आले, मावशीला घेऊन. तिचा फोटो आलाय व्हॉट्सॲपवर, व्हॅनमध्ये बसलीये, स्वेटर काढून. खाली मेसेज: ‘शेगडीवर फक्त चहा.’

भेटू पुढच्या आठवड्यात. तोवर नॉबची लाल बाजू एकदा फिरवून बघा!